गाण्याचं माप

फोटो फार सुंदर आला होता, हीच सगळी पंचाईत होती.

काळ्या पोशाखातली पिपाणी, डोकं मागे टाकलेलं, तोंड उघडं, दोन्ही हात वर, आणि खांद्यांमागे उघडलेली भलीमोठी छत्री, बाहेरून काळी, आतून लालभडक. ज्यानं कोणी तो फोटो काढला त्यानं क्षण अगदी नेमका पकडला होता. बघता बघता तो सगळीकडे गेला. केस कापायच्या दुकानांत लागला, कॉलेजच्या मुलींच्या मोबाइलवर चढला. एका मासिकानं तर तो मुखपृष्ठावरच छापला आणि पोशाख करणारीला 'या वर्षातली सगळ्यात धीट कात्री' म्हणून टाकलं. फोटोला आवाज नसतो. नेमक्या त्याच क्षणी पिपाणीचा सूर फाटला होता, हे त्यात कुठेच दिसत नव्हतं.

ज्यांना ते ऐकायचं होतं त्यांच्यासाठी व्हिडिओ होताच. तोही फिरत होता, फक्त जरा वेगळ्या लोकांत आणि हसऱ्या तोंडांच्या चिन्हांसकट.

पिपाणी हे घरातलं नाव. तान्ही असताना ती रडायला लागली की समोरच्या इमारतीतले दिवे लागायचे, म्हणून वडिलांनी ठेवलेलं. पुढे ती गायला लागली, पोस्टरवर भारदस्त नाव आलं, पण घरात आणि बँडमध्ये ती पिपाणीच राहिली. बँड तरी काय, निम्मं घरच होतं. साउंड सांभाळायचा तिचा सख्खा भाऊ, त्याला सगळे दादा म्हणत. आणि ती धीट कात्री म्हणजे दादाची बायको. तिला सगळे वहिनी म्हणत, अगदी वयानं तिच्याहून बराच मोठा असलेला, अर्धं टक्कल पडलेला ड्रमवालासुद्धा.

वहिनीचं काम टायरच्या दुकानावरच्या एका लांबट खोलीत चालायचं. खाली दिवसभर हातोडी, वर दिवसभर मशीन. दुकानातलं नवंकोरं कापड बघितलं की तिला कंटाळा यायचा. बसच्या सीटची कव्हरं, तंबूचे तुकडे, नाट्यगृहाचे जुने पडदे असलं काहीबाही ती गोळा करायची आणि त्यातून असे कपडे काढायची की बघणारा आधी हसायचा आणि मग गप्प व्हायचा. आई, म्हणजे पिपाणीची आई आणि वहिनीची सासू, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्याकडे काही फेकायची सोय नाही. आज टाकलं की उद्या लेकीच्या अंगावर दिसतं."

छत्रीच्या पोशाखासाठी वहिनीनं दुरुस्तीवाल्याकडून मोडक्या छत्र्यांची पोतीच उचलून आणली होती. काड्या पाठीवर दुमडून बसवल्या. एक दोरी ओढली की खाडकन उघडायच्या. अंगाचा भाग छत्रीच्याच काळ्या कापडाचा आणि आत लाल बनियनच्या कापडाचं अस्तर. या काळ्या कापडाच्या दोन खोडी. ते ताणत नाही, आणि त्याला एकदा सुई लागली की भोक कायमचं राहतं. म्हणून त्या खोलीत त्याला टाचणी लावायची बंदी होती. चिमट्यांनी धरायचं, एकदाच शिवायचं आणि बरोबर शिवायचं, हे वहिनीचं पालुपद.

बरोबर म्हणजे गाण्याच्या मापानं. पिपाणीच्या अगदी पहिल्या कार्यक्रमात तिच्या झग्याचे हूक भर गाण्यात तुटले होते आणि एक हूक पहिल्या रांगेतल्या गृहस्थांच्या चष्म्यावर जाऊन आपटला होता. तेव्हापासून वहिनीनं ठरवलं, उभ्या माणसाचं माप डमीला, गाणाऱ्या माणसाचं माप गाताना. पिपाणीनं खोलीच्या मधोमध उभं राहायचं आणि त्या कार्यक्रमातला सगळ्यात कठीण सूर लावायचा. वहिनीनं बरगड्यांभोवती टेप धरायचा. पिपाणी श्वास भरायची, टेप वहिनीच्या बोटांतून सरकायचा, आणि तो जिथवर जाईल तिथे अंगठा दाबायचा. खालच्या हातोड्यासुद्धा तेवढा वेळ थांबायच्या. "श्वास माझा, आकडा तुझा," असं पिपाणी म्हणायची. वहिनीनं ही गोष्ट मुलाखतींत इतक्यांदा सांगितली होती की दादा ती तिच्या मागे उभा राहून ओठ हलवत म्हणून दाखवायचा.

या वेळचा कठीण सूर खरोखरच कठीण होता. नाचायचं, धमाल गाणं. पण शेवटाकडे सगळी वाद्यं एकदम थांबायची, पिपाणी एकटी एक सूर लावायची आणि धरून ठेवायची. लोकांचा श्वास अडकेपर्यंत. मग छत्री उघडायची आणि ड्रम कोसळायचे. सगळी गर्दी त्या एका सुरासाठी यायची.

कार्यक्रमाच्या दुपारी पिपाणी साउंड तपासायला गेली होती. पोशाख डमीवर होता. आणि तेव्हा वहिनीच्या खोलीत ती बाई आली. पांढऱ्या, बारीक कापलेल्या केसांची, मोठमोठ्या दुकानांसाठी कपडे निवडणारी. तिनं हो म्हटलं की तुमचे कपडे गावोगावच्या काचांमागे लागतात. प्रदर्शनांत ती वहिनीच्या टेबलापुढून कैक वेळा नुसती मान हलवून गेली होती. आज आपण होऊन जिना चढून आली. तिनं डमीभोवती फेरी मारली, छत्री उघडून पाहिली, मिटून पाहिली, आणि बरगडीपाशी कापड दोन बोटांत धरून म्हणाली, "इथे जरा ढगळ आहे, नाही का?"

आता वहिनीनं सांगायला हवं होतं की बाई, ती श्वासाची जागा आहे. शिकाऊ मुलींना ती हेच ओरडून सांगायची. पण तोंडातून निघून गेलं, "शेवटची शिलाई राहिलीय अजून."

बाई गेली. वहिनी थोडा वेळ खिडकीत उभी राहिली, मग मशीनवर बसली आणि दोन्ही बाजूंनी एकेक बोटभर कापड आत घेतलं. पोशाख पुन्हा डमीवर चढवला. एक सुरकुती म्हणून राहिली नव्हती. डमी कुठे श्वास घेते?

संध्याकाळी कपडे चढवायच्या खोलीत ती पिपाणीच्या पाठीचे पट्टे बांधत होती. पिपाणी आरशाकडे तोंड करून उभी होती. म्हणाली, "वहिनी, आज जरा आवळतंय का गं?"

"घाबरलीयस ना, म्हणून तसं वाटतं," वहिनी म्हणाली.

"असेल," असं म्हणून पिपाणी स्टेजवर गेली.

शिलाईचं एक वेळ चालून गेलं असतं. हातून चुका होतात, उसवता येतात. हे वाक्य मात्र वहिनीला त्यानंतर सकाळी दात घासताना ऐकू यायचं, मशीनच्या आवाजात ऐकू यायचं, मासिकवाल्यांचे फोन घेताना ऐकू यायचं. स्वतःचाच आवाज, आणि त्यात किती माया. तिला त्या मायेचीच जास्त शिसारी येत होती.

पिपाणीला पोशाखाचा संशय आला नाही, कारण तिला आधीपासून गळ्याचा संशय होता. थंडीत तिचा आवाज बसला होता आणि बरेच दिवस उठला नव्हता. सूर फाटला तेव्हा तिला वाटलं, झालं, आपलं इथवरच होतं. डॉक्टरनं गळ्यात बॅटरी मारून बघितलं, थोडी सूज आहे म्हणाला, विश्रांती घ्या म्हणाला. डॉक्टर दुसरं काय म्हणणार! मग घरात मौन सुरू झालं. जिच्या रडण्यानं समोरची इमारत जागी व्हायची, ती मुलगी हो म्हणायला पेल्यावर एकदा चमचा वाजवायची आणि नाही म्हणायला दोनदा. आई मिठाचं पाणी गरम करून तिच्यापुढे ठेवायची आणि स्वतःच्या घशात काही अडकल्यासारखी खाकरायची. वहिनी रोज त्याच टेबलाशी जेवत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती मनाशी म्हणत राहिली. पण मूठ झाकून जेवायचं कसं, हे काही तिला जमत नव्हतं.

मौन संपलं त्या दिवशी पिपाणीनं जेवताना पहिलं वाक्य काढलं ते असं: "दादा, पुढच्या वेळी तो सूर ट्रॅकवरून सोड."

दादाचा हात ताटात थांबला. दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवणाऱ्या गायकांना पिपाणी मासे म्हणायची. बँडमध्ये तो शब्दच झाला होता.

"आधी एकदा म्हणून तर बघ," दादा म्हणाला.

"नाही बघायचं मला. परत फाटला तर? एकदा ऐकला तेवढा बास."

"एकच तर सूर आहे," आई म्हणाली. तिला लेकीला धीर द्यायचा होता.

"हो ना. एकच," पिपाणी म्हणाली. मग वहिनीकडे बघून हसली. "बरं झालं बाई तुझा ड्रेस तरी होता. त्यानं माझी लाज राखली. नाहीतर लोकांनी नुसता व्हिडिओच बघितला असता."

वहिनीचा घास तोंडातच फिरत राहिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त मारणारीही आपणच.

दादा शेजारच्या खोलीत कामाला लागला. जुन्या रेकॉर्डिंगमधून तो सूर त्यानं कापून काढला, मागचंपुढचं साफ केलं आणि लावून लावून बघितला. दाराआडून पिपाणीचा चांगला, भरलेला, मागच्या वर्षीचा आवाज पुन्हा पुन्हा येत होता, आणि या बाजूला खरी पिपाणी कानात बोटं घालून पेपर वाचत होती. वहिनीला ते बघवेना. ती कात्री घ्यायचं निमित्त काढून घराबाहेर पडली.

पांढऱ्या केसांच्या बाईचा फोन येऊन गेला होता. पुढच्या कार्यक्रमाला ती पुन्हा येणार होती. तोच पोशाख पुन्हा स्टेजवर बघून मग ती काय ते ठरवणार. म्हणजे पोशाख तोच हवा. मग वहिनीनं दुसरा मार्ग काढला, भित्र्या माणसाचा असतो तसा. शिवणाऱ्या बायकांना तिनं अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली, दाराला कडी लावली आणि दोन्ही बाजूंची शिलाई उसवून पहिल्या जागेवर नेली. कापड पुन्हा गाण्याच्या मापाचं झालं. कुणाला काही सांगायची गरज नाही, सुंठीवाचून खोकला जाणार, असं म्हणून तिनं पोशाख उचलून खिडकीपाशी धरला.

दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत उजेडाच्या ठिपक्यांची सरळ रांग होती. प्रत्येक टाक्याचं भोक. आत लाल अस्तर असल्यामुळे पोशाख खाली घेतला तरी ते बारीक लाल ठिपके दिसतच होते. एकदाच शिवायचं आणि बरोबर शिवायचं. वहिनी स्टुलावर बसली आणि स्वतःवरच खदखदून हसली, आणि मग तिला रडू आलं. थोड्या वेळानं उठून तिनं काळं नेलपॉलिश शोधलं आणि दात कोरायच्या काडीनं एकेक भोक बुजवत बसली. मान मोडून आली. लांबून काही दिसत नव्हतं. जवळून दिसत होतं, पण जवळून बघतो कोण?

दुसऱ्या दिवशी पिपाणी पोशाख घालून बघायला वर आली. खोलीच्या मधोमध नेहमीच्या जागी उभी राहिली. हात वर केले, खाली केले, इकडून तिकडे वळली.

"छान बसलाय," ती म्हणाली. "आज मोकळं वाटतंय. बघ, तू म्हणालीस तेच खरं. त्या दिवशी भीतीच होती."

वहिनीच्या हातात टेप होता. सवयीनं तिनं तो उलगडला. "सूर लाव," ती म्हणाली.

"कशाला?"

"माप नको घ्यायला?"

"आता कशाला गं माप?" पिपाणी म्हणाली, चिडून नाही, सरळ. "सूर ट्रॅकवर आहे. मला नुसतं तोंड उघडायचंय. तोंड उघडायला कितीसं कापड लागतं?" आणि पाठ वळवून पट्टे सोडायला उभी राहिली.

वहिनीला कळलं की आपण सुटलो. पोशाख मोकळा झालाय, भोकं बुजलीत, ट्रॅक तयार आहे. कुणी विचारणार नाही, कुणाला कळणार नाही. पिपाणी या कार्यक्रमात मासा होईल, पुढच्यातही होईल, आणि मग एक दिवस सबंध गाणंच ट्रॅकवर जाईल. आणि ती आपल्याला म्हणत राहील, बरं झालं बाई तुझा ड्रेस तरी होता. पाठीचे पट्टे अगदी तसेच समोर होते, त्या संध्याकाळी होते तसेच.

"भीती नव्हती," वहिनी म्हणाली. "आवळतच होता."

पिपाणी वळली नाही.

"मी आत घेतला होता. दोन्हीकडून एकेक बोट. त्या दुपारी, तू नव्हतीस तेव्हा. ती दुकानवाली बाई ढगळ म्हणाली म्हणून." वहिनी थांबली नाही. "तुझा गळा नव्हता गं तो. तुला श्वासच घेता आला नाही. काल मी परत सैल केला. ही बघ भोकं. नेलपॉलिश लावून बुजवलीत."

खाली कुणीतरी लोखंडी पाना फरशीवर टाकला. त्याचा आवाज विरेपर्यंत पिपाणी तशीच उभी राहिली. मग तिचा हात गळ्याकडे गेला.

"म्हणजे गळा चांगला आहे?"

"मला तरी तसंच वाटतं."

"तुला वाटतं." पिपाणी आता वळली. "मी विचारलं होतं तुला. अशीच पाठ करून उभी होते. आवळतंय का, विचारलं होतं."

"हो."

"आणि तू म्हणालीस, घाबरलीयस."

"हो."

"आणि मी ते खरं मानलं! वहिनी, मी चमच्यानं बोलत होते घरात. आई रात्रंदिवस मीठ उकळत होती. आणि तू समोर बसून भाजी वाढत होतीस मला!"

माफ कर असा शब्द वहिनीच्या जिभेवर आला, पण तो फारच स्वस्त वाटला, म्हणून तिनं तो गिळला.

पिपाणी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिनं पाय जरा फाकवले, डोळे मिटले. श्वास भरताना कापड फुगत गेलं आणि वाळलेलं नेलपॉलिश तडतडून उडालं; दोन्ही बाजूंना लाल ठिपके उघडले. तिनं सूर लावला. सुरुवातीला तो जरा हलला. मग स्थिर झाला, मग भरला, आणि मग तो त्या लांबट खोलीत मावेना. खालच्या हातोड्या थांबल्या. सूर चालूच राहिला. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिला एकदम जाणवलं की इथे रडायचाही आपल्याला हक्क नाही.

सूर संपला तेव्हा पिपाणी धापा टाकत होती आणि तिचा चेहरा आनंदानं उजळला होता. क्षणभरच. मग तिची नजर वहिनीवर गेली.

"काढ हे माझ्या अंगावरून," ती म्हणाली. "आणि घरी तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

घरी सांगणं हे त्याहून अवघड गेलं, कारण तिथे कुणी ओरडलंच नाही. दादानं सगळं ऐकून घेतलं. उठला, शेजारच्या खोलीत गेला, आणि तो कापलेला सूर पुसून टाकल्याचं आतूनच सांगितलं. परत येऊन म्हणाला, "मी माझ्या बहिणीचा आवाज कापून डबीत भरत होतो, आणि तू दाराबाहेर उभी होतीस."

"हो."

"किती वेळा लावला मी तो."

"ऐकत होते."

आई इतका वेळ गॅसपाशी उभी होती. तिनं मिठाच्या पाण्याचं पातेलं उचलून मोरीत उपडं केलं, विसळलं, जागेवर ठेवलं. मग पदराला हात पुसत वहिनीसमोर येऊन बसली.

"सांगितलंस ते चांगलं केलंस," ती म्हणाली. "उशिरा सांगितलंस ते वाईट केलंस. मी दोन्ही लक्षात ठेवीन."

"आई, मी..."

"आता जेवून घे. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला तोडायचं?"

वहिनीला वाटलं, यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पिपाणीनं तिच्याशी बोलणं सोडलं नाही, पण कामापुरतंच ठेवलं. कार्यक्रमाच्या आधी दादाकरवी निरोप आला: पोशाख तोच घालणार, पण ती भोकं झाकायची नाहीत. उरलेलं नेलपॉलिशसुद्धा काढून टाकायचं. वहिनीनं कापूस आणि द्राव घेऊन एकेक ठिपका पुसला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आईनं येताजाता ऐकवलं, आणि जाताना चहाचा कप ठेवून गेली.

वाद्यं थांबली तेव्हा वहिनी स्टेजच्या बाजूला काळ्या पडद्याआड उभी होती. सभागृहात काही लोक मोबाइल वर धरून वाटच बघत होते, पुन्हा फाटतोय का ते. पिपाणीनं श्वास घेतला. दोन्ही बरगड्यांवरून लाल ठिपक्यांच्या रांगा उघडल्या, आणि सूर आला. तो किती वेळ चालला कुणास ठाऊक. धरलेले मोबाइल हळूहळू खाली गेले. छत्री उघडली, ड्रम कोसळले आणि लोक उठून ओरडायला लागले. दादानं साउंडच्या टेबलावर डोकं टेकलं होतं. वहिनीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पडदा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती.

पांढऱ्या केसांची बाई कपड्यांच्या खोलीत आली ती हात पसरूनच. "ते ठिपके!" ती म्हणाली. "श्वास घेतला की उघडतात, सोडला की मिटतात. मागच्या वेळी नव्हते ते. कुठून सुचलं हो तुम्हाला?"

पिपाणी आरशासमोर बसून चेहऱ्याचा रंग पुसत होती. आरशातूनच तिनं वहिनीकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांग ना वहिनी."

"सुचलं नाही," वहिनी म्हणाली. "चुकीची शिलाई उसवली, त्याची भोकं आहेत ती. मागच्या वेळी मी पोशाख आवळला होता. म्हणून हिचा सूर फाटला. हिचा काही दोष नव्हता त्यात."

बाई मोठ्यानं हसली. "तुम्ही कलाकार लोक! कौतुक केलं की लगेच असलं काहीतरी सांगता." तिनं वहिनीचा खांदा थोपटला. "मला हाच पोशाख हवा. सगळ्या दुकानांसाठी. पण भोकांसकट हं, त्याशिवाय नको."

"अहो, मी खरंच सांगतेय."

"हे असंच मासिकातही सांगा. लोकांना आवडतं."

वहिनीनं मदतीसाठी पिपाणीकडे पाहिलं. पिपाणी कापूस बाजूला ठेवून सावकाश म्हणाली, "शिव की. सगळ्यांत घाल."

आणि वहिनीनं शिवले. भोकं तशी यायची तर दुसरा मार्ग नव्हता. प्रत्येक पोशाख आधी एकेक बोट आवळून शिवायचा आणि मग उसवायचा. बाकीचं काम शिवणाऱ्या बायका करायच्या. ती एक शिलाई घालायचं आणि उसवायचं काम तिनं कुणाला दिलं नाही. बायका आपसात म्हणायच्या, वहिनीला वेड लागलंय, पण हात कसा सरळ चालतो बघा.

काही महिन्यांनी पुढच्या पोशाखाचं कापड ठरलं. पिपाणी वर आली. आल्या आल्या तिनं खालच्या टायरवाल्याची नक्कल करून शिवणाऱ्या बायकांना हसवलं, चहा प्यायली, कापडाला नावं ठेवली. वहिनीला वाटलं, ओसरलं असावं. पिपाणी उठून खोलीच्या मधोमध नेहमीच्या जागी उभी राहिली. वहिनी टेप उलगडत पुढे झाली. पिपाणीनं हात पुढे केला.

"आण इकडे."

"काय?"

"टेप. मी धरते."

तिनं तो स्वतःच स्वतःभोवती गुंडाळला, डोळे मिटले आणि सूर लावला. हातोड्या थांबल्या. टेप तिच्या स्वतःच्या बोटांतून सरकत गेला. जिथे थांबला तिथे तिनं अंगठा दाबला, मान खाली घालून नीट वाचला आणि आकडा सांगितला. वहिनीनं तो लिहून घेतला. जवळ जाऊन बघते असं ती म्हणाली नाही.

"एक बोट जास्त धर," पिपाणी म्हणाली.

"धरते."

पिपाणीनं टेप नीट गुंडाळला. वहिनीचा हात तो घ्यायला पुढे झाला होता. पिपाणीनं टेप टेबलावर ठेवला, पर्स उचलली आणि जिना उतरून गेली.